भुंगेरे, कडधान्यांवरील : बाष्पनशील तेलांनी नियंत्रण

साठविलेल्या वाल, हरभरा, चवळी, मूग इ. कडधान्यांना पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना वनस्पतींपासून मिळणाऱ्या बाष्पनशील (हवेत उडून जाणाऱ्या) सुवासिक तेलांनी आळा घालण्याची पद्धत. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तेथे भात काढल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, हरभरा ही पिके घेतात. त्यांचे बी पुढील पेरणीपर्यंत, म्हणजे सबंध पावसाळाभर, घरात टिकवावे लागते. लोणावळ्याच्या परिसरात वार्षिक पाऊस ४,००० मिमी.च्या आसपास असतो. जूननंतर दाण्यांना ऊन देता येत नाही व दमट उबदार हवा भुंगेऱ्यांच्या वाढीस पोषक ठरते.

कॅलोसोब्रुकस प्रजातीतील हे भुंगेरे तपकिरी व ३–४ मिमी. लांब असतात. मादी दाण्याच्या पृष्ठावर अंडी चिकटविते. अळी अंड्यातून थेट दाण्यात शिरते, आतील गर खाऊन तेथेच कोषावस्थेत जाते आणि प्रौढ भुंगेरा वाटोळे छिद्र पाडून बाहेर येतो. अनुकूल हवेत हा जीवनक्रम सु. एक महिन्यात पुरा होतो. प्रादुर्भावाची सुरुवात पुष्कळदा शेतातील पक्व शेंगांवरच होते. पोखरलेले बी नीट उगवत नाही.

निलगिरीतील सिनिओल, लवंगेतील यूजेनॉल, गवती चहातील सिट्रल इ. घटकांची वाफ कीटकांच्या श्वासरंध्रांतून शरीरात जाते व मज्जासंस्थेच्या कार्यात बिघाड करते. प्रौढ भुंगेरे व अंडी यांवर तिचा परिणाम अधिक होतो. दाण्यात शिरलेली अळी बव्हंशी सुरक्षित राहते. वेखंडाच्या तेलातील बीटा-ॲसारोन हे द्रव्य कीटकांत वंध्यत्व आणते, असे जम्मू येथील संशोधकांनी १९७७ मध्ये दाखविले. तथापि या द्रव्यामुळे उंदरांत कर्करोग झाल्याचे आढळल्याने ते खाण्याच्या धान्यासाठी वापरू नये.

घरोघरी कडधान्यांना चोळण्यात येणारे एरंडेल वा शेंगदाण्याचे तेल निराळ्या तऱ्हेने कार्य करते. ते स्थिर तेल असून अंड्यांवर थर बसवून त्यांची हवा तोडते. दर किग्रॅ. दाण्यास सु. ५ मिलि. तेल पुरते. उलट, बाष्पनशील तेलाची वाफ कोंडून राहिली तरच उपयोग होतो. त्यामुळे बांबूच्या कणगीत ते वाया जाते. घट्ट झाकणाचा डबा आवश्यक असतो. काही काळाने परिणाम ओसरतो. मात्रा जास्त झाल्यास उगवणशक्ती घटू शकते व दाण्यांना वास राहतो. म्हणून बियाण्यावर वापरण्यापूर्वी थोड्या दाण्यांची उगवण तपासून पाहणे इष्ट.

रासायनिक धुरी देण्याची द्रव्ये अधिक परिणामकारक असली, तरी घरात धोक्याची असतात. एथिलीन डायब्रोमाइडच्या वापरावर भारतात २००१ मध्ये बंदी घालण्यात आली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडपासून निघणारा फॉस्फीन वायू प्राणघातक आहे. लहान शेतकऱ्याने उन्हाळ्यातच बी कडक वाळवावे, छिद्रे पडलेले दाणे निवडून काढावेत व पहिल्या पावसापूर्वी डबा बंद करावा. बाष्पनशील तेल या उपायांना पूरक होय. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.