गृहसाहाय्यक यंत्रमानव : भेट आणि सहवास

यंत्रमानव व मनुष्य यांच्या परस्परसंबंधांविषयीचे पुष्कळसे ज्ञान प्रयोगशाळेतील अल्पकालीन चाचण्यांवर आधारलेले आहे. अशा चाचणीत मनुष्य यंत्राला घटकाभर भेटतो. घरात मात्र त्याला यंत्राबरोबर राहावे लागते. भेट आणि सहवास या भिन्न अवस्था होत. पहिलीवरून दुसरीविषयी अनुमान काढणे कितपत युक्त आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या अभ्यासाला विस्तृत क्षेत्र मिळाले ते रुम्बा या केर काढणाऱ्या, तबकडीच्या आकाराच्या यंत्रामुळे. अमेरिकेतील आयरोबोट कंपनीने ते २००२ साली विक्रीस आणले. पुढे जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जा-यंग संग व त्यांचे सहकारी यांनी ३० कुटुंबांना हे यंत्र देऊन सहा महिने निरीक्षण केले. आगमनापूर्वीची अपेक्षा, आगमनानंतरचे कुतूहल, परस्पर जुळणी आणि नित्याचा वापर अशा चार अवस्था त्यांनी मांडल्या. प्रारंभी घरातील मंडळी यंत्राभोवती जमतात, त्याच्याशी बोलतात, कित्येकदा त्याचे नामकरणही करतात. कालांतराने नवलाई ओसरते. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण येथे शब्दशः नसली तरी तत्त्वतः खरी ठरते. म्हणूनच पहिल्या आठवड्यातील उत्साहास स्वीकार मानणे धोक्याचे होय.

जुळणीची अवस्था विशेष उद्बोधक आहे. यंत्राने घराशी जुळवून घ्यावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात घरही यंत्राशी जुळवून घेते. खुर्च्या सरकविल्या जातात, जमिनीवरील विजेच्या तारा उचलल्या जातात. यंत्राच्या कुंच्यात गुंतलेले केस काढणे, साठलेला केर रिता करणे, पलंगाखाली अडकलेल्या यंत्राची सुटका करणे ही नवी कामे उत्पन्न होतात. श्रम नाहीसे होत नाहीत; त्यांचे स्वरूप व वाटणी बदलते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जोडी फोर्लिझी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुम्बाची तुलना साध्या विद्युत्-झाडूशी केली. रुम्बा आलेल्या घरांत पुरुष व मुलेही सफाईत भाग घेऊ लागल्याचे त्यांना दिसले. साध्या झाडूने असा पालट घडविला नाही.

तथापि दीर्घकाळ वापर टिकेलच असे नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी नऊ कुटुंबांचा सहा महिने अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष मांडले. यंत्राची व्यावहारिक उपयुक्तता कितपत पटते आणि घरात रुळलेल्या सफाईच्या रीतीशी ते कितपत मिळते, यांवर वापराचे सातत्य अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. कोपऱ्यात पडून राहिलेले यंत्र हे नेहमीच अज्ञानाचे वा भीतीचे लक्षण नसते. अनुभवांती घेतलेला तो विचारपूर्वक निर्णयही असू शकतो.

याउलट, ज्याचा व्यावहारिक उपयोग जवळजवळ नाही असे यंत्रही जिव्हाळ्याचे होऊ शकते. सोनी कंपनीचा आयबो हा यांत्रिक कुत्रा १९९९ साली बाजारात आला. २००६ साली त्याचे उत्पादन थांबले, तर २०१४ साली कंपनीने दुरुस्तीची सेवाही बंद केली. जपानच्या चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात २०१५ पासून निकामी आयबोंसाठी अंत्यविधी होऊ लागले. विधीनंतर त्यांचे सुटे भाग इतर आयबोंच्या दुरुस्तीस उपयोगी पडत. मालक हे यंत्र आहे हे विसरले नव्हते. तरीही अनेक वर्षांच्या सहवासाचा शेवट केवळ वस्तू टाकून देऊन व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते.

वृद्धांच्या साहाय्यासाठी यंत्रे योजताना हा विचार अधिकच महत्त्वाचा ठरतो. हॉबिट या युरोपीय प्रकल्पात ७५ वर्षांवरील एकट्या राहणाऱ्या व्यक्तींच्या घरी यंत्रमानव प्रत्येकी २१ दिवस ठेवण्यात आला. प्रयोगशाळेच्या तुलनेत ही मुदत मोठी. सहवासाच्या दृष्टीने मात्र ती अल्पच. पडलेली वस्तू उचलून देण्यासाठी वा संकटसमयी मदत बोलावण्यासाठी जो यंत्रावर विसंबतो, त्याला ते एक दिवस बंद पडल्यास केवळ गैरसोय सोसावी लागत नाही. त्याच्या स्वावलंबनाचा आधारच नाहीसा होतो.

सारांश, स्वीकार ही एका दिवसाची घटना नसून दीर्घ प्रक्रिया आहे. यंत्र आवडले काय, या एकाच प्रश्नाने तिचे मापन होत नाही. यंत्राची देखभाल कोणाच्या माथी आली, कोणती कामे कोणाकडे गेली आणि यंत्राचा आधार सुटल्यावर त्या घराचे काय झाले, हेही संशोधकाने विचारले पाहिजे.