आलेखाची रेघ कोठे टेकते?

सिरोंचाजवळ प्राणहिता नदी गोदावरीला मिळते. पावसाळ्यात या नद्यांना मोठे पूर येतात. जुलै २०२२ चा पूर पुष्कळांच्या ध्यानात असेल. पूर आला की काठची माणसे दोनच गोष्टी विचारतात. "आज पाणी किती आहे?" आणि "उतरणार कधी?"

हे दोन प्रश्न नुसते पाण्याचे नाहीत. कणगीतल्या धान्याला ते लागू पडतात. डोक्यावरच्या कर्जालाही लागू पडतात. गणितात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच चित्रात दिसतात. त्या चित्राला आलेख म्हणतात. आज आपण तो काढायला शिकू.

कागद नसला तरी अडत नाही. सारवलेले अंगण आणि खडूचा तुकडा पुरे. जमिनीवर एक आडवी रेघ काढा. तिच्या डाव्या टोकापासून वर एक उभी रेघ काढा. दोन्ही रेघा मिळतात तो कोपरा म्हणजे शून्य. आडव्या रेघेवर आपण दिवस मोजू. उभ्या रेघेवर माल मोजू.

आता कणगीचे उदाहरण घेऊ. समजा, १ डिसेंबरला घरात २४० किलो तांदूळ आहे. रोज २ किलो शिजतो. म्हणजे १५ दिवसांत ३० किलो जातो. उभ्या रेघेवर आठ खुणा करा. एक खूण म्हणजे ३० किलो. आठवी खूण २४० ची झाली. आडव्या रेघेवरही आठ खुणा करा. एक खूण म्हणजे १५ दिवस.

पहिला ठिपका उभ्या रेघेवर, आठव्या खुणेपाशी द्या. अजून एकही दिवस गेलेला नाही. मग एक खूण उजवीकडे सरका आणि एक खूण खाली या. तेथे ठिपका द्या. पुन्हा एक खूण उजवीकडे, एक खूण खाली. असे करीत गेलात की ठिपके सरळ ओळीत येतात. ते जोडा. तिरपी रेघ तयार होते आणि आडव्या रेघेला आठव्या खुणेवर टेकते. ती खूण १२० दिवसांची आहे. म्हणजे मार्चअखेर कणगी रिकामी.

या रेघेच्या दोन जागा ध्यानात ठेवा. उभ्या रेघेला ती २४० वर लागते. ते "किती आहे" याचे उत्तर. आडव्या रेघेला ती १२० वर लागते. ते "कधी संपेल" याचे उत्तर. शाळेच्या पुस्तकात या दोन मापांना आंतरछेद म्हणतात. आडव्या रेघेला क्ष-अक्ष आणि उभ्या रेघेला य-अक्ष असे नाव आहे. आकडे आणि रेघा यांची अशी सांगड फ्रान्स देशातील देकार्त नावाच्या विद्वानाने १६३७ साली छापलेल्या पुस्तकात घातली. नावे परकी वाटली तरी गोष्ट घरचीच आहे.

चित्र न काढताही ही उत्तरे मिळतात. हिशेब असा मांडा :

उरलेला तांदूळ = २४० − २ × दिवस

दिवसांच्या जागी शून्य ठेवा. उरतात २४०. ही झाली सुरुवात. आता उरलेल्या तांदळाच्या जागी शून्य ठेवा. २४० ला २ ने भागा. आले १२०. हा झाला शेवट. नियम एवढाच : एका रेघेवरची जागा हवी असेल, तर दुसरीचा आकडा शून्य धरावा.

आता पाहा. तेंदूपानाची तोडणी साधारण मे महिन्यात येते. तांदूळ तर मार्चअखेर संपतो. मधला एप्रिल कसा काढायचा? पोटाला चिमटा घ्या, असे आम्ही सांगत नाही. पण एप्रिलची ही पोकळी डिसेंबरातच दिसली, तर चार महिने आधी सोय बघता येते. दिसली नाही, तर ऐन वेळी सावकाराचे दार गाठावे लागते.

म्हणून दुसरे उदाहरण कर्जाचे. समजा, ४,००० रुपये घेतले. देणारा घरचाच माणूस आहे, व्याज घेत नाही. दरमहा ५०० रुपये फेडायचे ठरले. अंगणातले तेच चित्र घ्या. उभ्या रेघेची एक खूण आता ५०० रुपये आणि आडवीची एक खूण एक महिना. रेघ ४,००० वर सुरू होते आणि आठव्या महिन्याला टेकते. कर्ज फिटले.

आता तेच ४,००० रुपये शेकडा ५ दरमहा व्याजाने घेतले असे धरा. महिन्याचे व्याज २०० रुपये झाले. घेणारा म्हणतो, "मी दर महिन्याला २०० रुपये नेमाने देतो." ऐकायला बरे वाटते. पण रेघ काढून पाहा. पहिल्या महिन्याला बाकी ४,०००. दुसऱ्या महिन्याला ४,०००. दहाव्या महिन्यालाही ४,०००. रेघ खाली उतरतच नाही. ती आडव्या रेघेला समांतर धावते. अशा रेघेला शेवटाची जागाच नसते. वीस महिन्यांत ४,००० रुपये देऊन झाले, तरी ४,००० देणे उभेच! २०० हून कमी दिले आणि राहिलेले व्याज मुद्दलात घातले, तर रेघ उलटी वर चढते.

दरमहा ५०० दिले, तर? पहिल्या महिन्यात २०० व्याजात जातात आणि ३०० मुद्दलातून उतरतात. बाकी ३,७००. पुढच्या महिन्याचे व्याज १८५, म्हणून ३१५ उतरतात. ही रेघ सरळ नसते, थोडी वाकते. पण ती टेकते, आठव्याऐवजी अकराव्या महिन्यात.

हा प्रश्न जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत रोखे आणि खतपत्रे जाळली गेली. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी कायदा झाला. मूळ रक्कम किती, फेड किती, याची चौकशी कोर्ट करू लागले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो. त्याने ऋणकोला हिशेब आणि पावती द्यावी लागते. हक्क आहे, पण तो मागणाऱ्याला मिळतो. आणि काय मागायचे, हे रेघ शिकवते.

सिरोंचाकडे कोणी मराठी बोलतो, कोणी तेलुगू. रेघ मात्र दोन्ही भाषांत एकच. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. ही रेघ कोठून सुरू होते? आणि कोठे टेकते? दुसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका. कागद घरी आणा. अंगणात रेघ काढा. घरच्या बायामाणसांना दाखवा.

करून पाहा : बचत गटातून ३,००० रुपये बिनव्याजी घेतले, असे धरा. दरमहा २५० रुपये फेडायचे आहेत. रेघ उभ्या रेघेला कोठे लागेल? आडवीला कोठे टेकेल? (उत्तर : ३,००० रुपयांवर, १२ व्या महिन्याला.)