विश्लेषण : निर्यातबंदी लागली, तर बंदराकडे निघालेल्या कांद्याचे काय? ऑनलाइन ‘शिपिंग बिल’मधील तारीख आणि वेळ का महत्त्वाची?

साक्री, पिंपळनेर किंवा चाळीसगाव भागातला कांदा परदेशात जायचा असेल, तर तो बहुतेक वेळा नाशिक जिल्ह्यातल्या निर्यातदाराच्या पॅकहाउसमधून न्हावा शेवा बंदराकडे जातो. हा प्रवास तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. तेवढ्या वेळात दिल्लीतून एखादी अधिसूचना निघाली, तर त्या मालाचे काय होते? उत्तर ट्रक कुठे पोहोचला एवढ्यावरच ठरत नाही. संगणकात कोणती नोंद किती वाजता झाली, यावरही ते ठरते. गेल्या काही वर्षांत कांद्यावर निर्यातशुल्क, किमान निर्यातमूल्य आणि बंदी असे तिन्ही उपाय झाले. सध्या कांदा मोकळा असला तरी नियम कसे चालतात, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला माहीत असणे गरजेचे आहे.

शिपिंग बिल म्हणजे काय?

नावात ‘बिल’ असले तरी ही पावती नव्हे. देशाबाहेर जाणाऱ्या मालाची कस्टम्सकडे केलेली ती घोषणा असते. माल कोणता, किती, कोणत्या किमतीचा, कोणाला आणि कुठे चालला, हे निर्यातदार त्यात सांगतो. कस्टम्स कायदा १९६२च्या कलम ५०नुसार ही नोंद करावी लागते. रस्त्याने सीमेपलीकडे, उदाहरणार्थ बांगलादेशात, माल जात असेल तर याच घोषणेला ‘बिल ऑफ एक्स्पोर्ट’ म्हणतात.

पूर्वी ती कागदावर भरली जायची. २०११मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरणे बंधनकारक झाले. अपवाद फक्त प्रधान आयुक्त किंवा आयुक्तांनी परवानगी दिलेल्या प्रकरणांचा. २०१९च्या नियमावलीने कागदविरहित प्रक्रियेची चौकट आणखी पक्की केली.

घोषणा कशी भरली जाते?

निर्यातदाराकडे आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड असावा लागतो. त्यानंतर तो स्वतः किंवा त्याचा कस्टम्स ब्रोकर ‘आइसगेट’ या पोर्टलवर शिपिंग बिल दाखल करतो. व्यापारात या ब्रोकरला आजही ‘सीएचए’ म्हणतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि लागणारे परवाने ‘ई-संचित’वर अपलोड होतात. बिलाला क्रमांक मिळतो. माल बंदरात किंवा कंटेनर फ्रेट स्टेशनवर पोहोचला की त्याची नोंद होते. कोणता माल उघडून तपासायचा, हे जोखीम व्यवस्थापन प्रणाली सुचवते. सगळे ठीक असेल तर अधिकारी ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ देतो. व्यापारी तिला ‘एलईओ’ म्हणतात. हा आदेश मिळाल्यावरच माल जहाजावर चढतो.

फेब्रुवारी २०२०पासून या घोषणेत माल कोणत्या राज्यातला आणि कोणत्या जिल्ह्यातला, हेही सांगावे लागते. माल नाशिकच्या पॅकहाउसमधून गेला म्हणून मूळ जिल्ह्याच्या रकान्यात सरसकट नाशिक लिहिले, तर धुळे किंवा जळगावचा माल आकडेवारीत दिसतच नाही.

‘नियंत्रित माल’ कोणता?

निर्यातीसाठी मालाचे ढोबळ प्रकार असे आहेत : मोकळा, निर्बंधित म्हणजे परवान्यानेच जाणारा, बंदी असलेला आणि फक्त ठरावीक सरकारी संस्थांमार्फत जाणारा. कोणता माल कशात बसतो, हे परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, आठ आकडी कोडनुसार ठरवते. केळी ०८०३ या शीर्षकाखाली येतात, कांदा ०७०३ खाली.

जळगावची केळी मोकळ्या यादीत आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेली तांदलवाडी परिसरातली २२ टन केळी २०२१मध्ये दुबईला गेली, तेव्हाही घोषणा करावीच लागली. पण केळीच्या निर्यातदाराला रात्रीतून बंदी लागण्याची धास्ती नसते. कांद्याच्या निर्यातदाराला ती असते.

यादी बदलतही राहते. जळगाव हे डाळमिलचे शहर. डाळींच्या निर्यातीवर २००६मध्ये बंदी आली आणि सर्व डाळींसाठी ती नोव्हेंबर २०१७मध्ये उठली. त्यामुळे ‘आमचा माल तर साधा आहे’ हे गृहीत धरून चालत नाही.

याशिवाय ‘स्कोमेट’ नावाची वेगळी यादी आहे. नागरी वापराबरोबरच लष्करी किंवा संहारक शस्त्रांसाठीही वापरता येतील अशी रसायने, साहित्य, यंत्रे आणि तंत्रज्ञान तिच्यात येते. नावावरून माल निरुपद्रवी वाटू शकतो. डिटर्जंट आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाणारे ट्रायइथॅनोलअमाइन या यादीत आहे. गंज न लागणाऱ्या खास धातूंचे काही व्हॉल्व्ह आणि पंपही आहेत. ड्रोनसाठी जून २०२३मध्ये नियम सोपे झाले. २५ किलोमीटरपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत भार असलेल्या, ठरावीक वर्गांत न बसणाऱ्या नागरी ड्रोनसाठी प्रत्येक खेपेला वेगळा परवाना न घेता एकदाच सर्वसाधारण परवानगी घेता येते. एमआयडीसीतल्या लघुउद्योजकाला परदेशातून पहिली ऑर्डर आली, तर त्याने किंमत सांगण्याआधी ही यादी पाहिलेली बरी.

कांद्याच्या बाबतीत नेमके काय झाले?

१९ ऑगस्ट २०२३ : कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले.

२९ ऑक्टोबर २०२३ : टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य लागू.

८ डिसेंबर २०२३ : निर्यातबंदी, आधी ३१ मार्च २०२४पर्यंत. मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढली. याच काळात चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर आंदोलन झाले.

४ मे २०२४ : बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू. म्हणजे टनाचा खर्च किमान ७७० डॉलरवर गेला.

१३ सप्टेंबर २०२४ : किमान निर्यातमूल्य रद्द, शुल्क २० टक्क्यांवर.

१ एप्रिल २०२५ : शुल्कही रद्द.

म्हणजे दोन वर्षांच्या आत नियम सहा वेळा बदलले.

बंदी लागली तेव्हा कोणाचा माल सुटला?

डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेत वाटेतल्या मालासाठी सवलत होती, पण ती मोजक्या परिस्थितींत. अधिसूचनेआधी जहाजावर कांदा चढवायला सुरुवात झालेली असावी. किंवा शिपिंग बिल दाखल झालेले असावे, जहाज बंदरात आलेले असावे आणि त्याला रोटेशन क्रमांक मिळालेला असावा. किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्या प्रणालीत नोंदलेला असावा. कस्टम्स स्थानकात शिरलेल्या मालासाठी त्या स्थानकाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीत तारीख आणि वेळेचा पडताळता येणारा पुरावा मागितला गेला. अशा मालाला ५ जानेवारी २०२४पर्यंत मुभा मिळाली.

या अटी नीट वाचल्या तर खान्देशची अडचण लक्षात येते. शिपिंग बिल धुळ्यात बसूनही दाखल करता येते. पण नुसते बिल दाखल असणे पुरेसे नव्हते. त्याबरोबर जहाज आलेले किंवा माल आत पोहोचलेला असणे आवश्यक होते. ज्याचा माल आदल्या दिवशी गेटमधून आत गेला तो सुटला. ज्याचा ट्रक महामार्गावर होता, तो बिलाचा क्रमांक हातात असूनही अडकला. बंदरापासून जितके दूर, तितकी ही जोखीम मोठी.

शुल्काचा हिशेब वेगळा का?

बंदी आणि शुल्क यांचे घड्याळ एक नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते. कस्टम्स कायद्याच्या कलम १६नुसार निर्यातशुल्काचा दर शिपिंग बिल भरले त्या दिवसाचा धरला जात नाही. माल चढवण्याची परवानगी, म्हणजे एलईओ, ज्या तारखेला मिळते त्या तारखेचा दर लागू होतो. म्हणून १९ ऑगस्ट २०२३ला शुल्क लागले, तेव्हा बिल भरून झालेला, बंदरात उभा असलेला, पण एलईओ न मिळालेला कांदाही ४० टक्क्यांच्या कक्षेत आला. खरेदीदाराशी दर मात्र आधीच ठरलेला होता.

मिनिटांना खरेच किंमत आहे का?

आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आहे. पुलवामा हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ला केंद्राने पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के आयातशुल्क लावले. अधिसूचना ई-राजपत्रात रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी अपलोड झाली. त्याआधी त्याच दिवशी अटारी सीमेवर काही आयातदारांनी आपली घोषणा ऑनलाइन दाखल केली होती. नवा दर त्यांना लावायचा की नाही, असा वाद होता. २३ सप्टेंबर २०२०ला ‘जी. एस. चठ्ठा राइस मिल्स’ प्रकरणात न्यायालयाने निकाल दिला : ई-राजपत्रात प्रसिद्ध होण्याची वेळ महत्त्वाची आहे, त्याआधी दाखल झालेल्या घोषणांना वाढीव दर लागणार नाही. प्रकरण आयातीचे असले तरी इलेक्ट्रॉनिक नोंदीतली वेळ हा कायद्यासमोरचा पुरावा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

कागदापेक्षा संगणकाच्या नोंदीवर भर का, याचे उत्तर गव्हाच्या प्रकरणात मिळते. १३ मे २०२२ला गहू निर्यातबंदी आली, तेव्हा त्या तारखेपर्यंतची बँकेची पतपत्रे असलेल्यांना सवलत होती. मग मागील तारखेची पतपत्रे सादर होत असल्याचे समोर आले आणि डीजीएफटीला पतपत्रांची प्रत्यक्ष पडताळणी सुरू करावी लागली. त्याच वेळी कस्टम्सच्या प्रणालीत १३ मेपर्यंत नोंदलेल्या मालाला वाट मोकळी करण्यात आली.

खोटी घोषणा केली तर?

फेब्रुवारी २०२४मध्ये, बंदी असताना, टोमॅटोच्या नावाखाली संयुक्त अरब अमिरातीला निघालेला ८० टनांहून अधिक कांदा नागपूर कस्टम्सने पकडला. घोषणेतली माहिती खरी आणि पूर्ण असल्याची, शिवाय माल बंदी-निर्बंधांचे पालन करत असल्याची जबाबदारी कलम ५०नुसार निर्यातदारावरच असते. बंदी असलेला माल जप्त होऊ शकतो आणि मूल्याच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास दंड पाचपटीपर्यंत जातो. परकीय व्यापार कायद्याखाली आयईसी निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. ‘सीएचएने भरले, मला माहीत नव्हते’ असे सांगून जबाबदारी झटकता येत नाही.

शेतकऱ्याचा यात संबंध काय?

शिपिंग बिलावर साधारणपणे शेतकऱ्याचे नाव नसते. त्यामुळे सवलतीची वाट त्याच्यासाठी नाहीच. बंदी लागली की निर्यातदार खरेदी थांबवतो, तो माल देशी बाजाराकडे वळतो आणि बाजार समितीतला भाव पडतो. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने धरून ठेवता येतो. डिसेंबरात निघणारा लाल कांदा टिकत नाही, तो मिळेल त्या भावात विकावा लागतो. म्हणून वर्षाच्या शेवटी आलेल्या बंदीचा फटका जास्त बसतो.

निर्यातीत उतरताना काय तपासावे?

• मालाचा आठ आकडी कोड आणि त्याचे निर्यात धोरण डीजीएफटीच्या संकेतस्थळावर पाहावे. ट्रक निघण्याच्या दिवशी पुन्हा पाहावे.

• आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अद्ययावत करावी. बदल नसला तरी तसे नोंदवावे लागते. नाही तर कोड निष्क्रिय होऊ शकतो.

• माल टर्मिनल किंवा कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये शिरल्याची, तारीख-वेळ असलेली नोंद सीएचएकडून लगेच मागून जपून ठेवावी.

• शुल्क वाढले तर ते कोण भरणार आणि बंदी आली तर सौद्याचे काय, हे खरेदीदाराशी लेखी ठरवावे.

• शिपिंग बिलात मूळ जिल्हा धुळे किंवा जळगाव असाच लिहिला आहे ना, हे दाखल करण्याआधी चेकलिस्टवर पाहून घ्यावे.

• शेतकरी उत्पादक कंपनीने निर्यातदाराला माल देताना मालकी आणि जोखीम नेमकी कुठे बदलते, गावातल्या काट्यावर की बंदराच्या गेटवर, हे करारात लिहून घ्यावे. वाटेत नियम बदलला तर नुकसान कोणाचे, हे त्याच ओळीवर ठरेल.