चहाला येणाऱ्या चेटकिणी

चेटकीण फार वर्षं एकटी राहिली तर तिचं काय होतं? युरोपातल्या परीकथांनी याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. ती रानात खाऊचं घर बांधते आणि चुकून आलेल्या मुलांना भट्टीत घालायला बघते. टेरी प्रॅचेट या इंग्लिश लेखकाने हे उत्तर मान्य केलं आणि पुढचा प्रश्न विचारला: अशी वेळ येऊ नये म्हणून बाकीच्या चेटकिणी काय करतात? त्या एकमेकींकडे चहाला जातात. घरात डोकावतात, धूळ बघतात, भांडतात, खोचक बोलतात, आणि समोरचीचं डोकं अजून ठिकाणावर आहे ना, याची खात्री करून घरी परततात.

विनोदी कादंबरीत इतकी शहाणी कल्पना सापडावी, याचं मला प्रत्येक वाचनात नव्याने नवल वाटतं.

प्रॅचेटचं ‘डिस्कवर्ल्ड’ हे थाळीसारखं सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती अवकाशात पोहणाऱ्या एका महाकाय कासवाच्या पाठीवर. दिग्गज आणि कूर्म ऐकत वाढलेल्या आपल्याला तिथे परकं वाटत नाही. 1983 ते 2015 या काळात या जगाच्या 41 कादंबऱ्या आल्या. त्यातल्या लँकर नावाच्या चिमुकल्या डोंगरी राज्यात आपल्या चेटकिणी राहतात.

ग्रॅनी वेदरवॅक्स 1987च्या ‘इक्वल राइट्स’मध्ये एकटीच आली. सडसडीत, अविवाहित, करारी. मधमाश्या आणि बकऱ्या पाळणारी. पुढच्याच वर्षी ‘वीर्ड सिस्टर्स’मध्ये शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणींचा धागा पकडून प्रॅचेटने तिला सोबत दिली. नॅनी ऑग म्हणजे भला थोरला गोतावळा, तोंडात चावट गाणी आणि ज्यांची नावंही तिच्या लक्षात राहत नाहीत अशा सुनांना दिवसभर राबवणारी सासू. तिसरी मॅग्रॅट, तरुण, भाबडी, मंत्रतंत्रांवर मनापासून विश्वास असलेली. रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नाही. तिघींचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ.

जादू? ती त्या होता होईल तो टाळतात. बाळंतपणं करायची, म्हाताऱ्यांची नखं कापायची, मेलेल्या माणसाला अंघोळ घालायची, हा त्यांचा रोजचा धंदा. उरलेलं काम माणसाचं मन ओळखून होतं. ‘कार्पे जुगुलम’मध्ये ग्रॅनीला रात्री एका अडलेल्या बाईकडे बोलावतात. आई किंवा मूल, एकच वाचणार आहे. कुणाला वाचवायचं हे नवऱ्याला विचारायला हवं होतं, असं सुईण सुचवते. ग्रॅनीला ते मुळीच पटत नाही. त्या बिचाऱ्याने असं काय पाप केलंय, की हे ओझं जन्मभर त्याच्या उरावर ठेवायचं? निर्णय ती स्वतः घेते, आईला वाचवते, आणि ते ओझं घेऊन अंधारातून एकटी घरी जाते. चेटकिणीचं सामर्थ्य म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

असे निर्णय वर्षानुवर्षं घेणाऱ्या बाईला एक दिवस वाटू लागतं, की आपलं कधी चुकतच नाही. धोका तिथे आहे. म्हणून नॅनी हवी. ती ग्रॅनीला घाबरत नाही, तिच्या अहंकाराची खोडी काढते आणि नको तेव्हा दार वाजवते.

उलट बाजू ‘विचेस अब्रॉड’मध्ये दिसते. तिथे ग्रॅनीची सख्खी बहीण लिली भेटते. दूरच्या जेनुआ शहरात ती माणसांना परीकथेतल्यासारखं जबरदस्तीने सुखी करत असते. मोलकरणीने राजपुत्राशीच लग्न करायचं, खेळणीवाल्याने मुलांना गोष्टी सांगायच्याच. तिला टोकणारं कुणी नाही, सोबतीला फक्त आरसे. शेवटी दोघी बहिणी आरशांत अडकतात. असंख्य प्रतिबिंबांतून खरी कोण ते ओळखलं, तरच सुटका. लिली प्रत्येक प्रतिबिंबाकडे धावत सुटते. ग्रॅनी क्षणात स्वतःकडे बोट दाखवते. मला वाटतं, तिला ते जमतं, कारण ती कोण आहे हे नॅनीने तिला कधी विसरू दिलेलं नसतं.

या हसण्याखाली एक काळीकुट्ट गोष्टही आहे. ‘द वी फ्री मेन’ (2003) मध्ये जमीनदाराचा मुलगा हरवतो आणि गाव एका निराधार म्हातारीला चेटकीण ठरवतं. तिचं घर जाळतात, मांजर मारतात. ती हिवाळ्यात उघड्यावर मरते. टिफनी ही लहान मुलगी ते विसरत नाही. पुन्हा असं घडू नये म्हणून ती स्वतःच चेटकीण व्हायचं ठरवते. आपल्याकडे सातपुड्यात ‘डाकीण’ म्हणून बायकांचा छळ झालाय, आणि 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. त्यामुळे ती पानं मराठी वाचकाला परदेशातली वाटणार नाहीत.

प्रॅचेट 2015च्या मार्चमध्ये गेला. ‘द शेफर्ड्स क्राउन’ त्यानंतर प्रसिद्ध झालं. त्यात ग्रॅनी आपलं मरण ओळखून घर लख्ख करते आणि झोपडी टिफनीच्या नावे करते. तिच्या मांजराने कुठे राहायचं, ते मात्र मांजरानेच ठरवायचं. हे पुस्तक आधी हातात घेऊ नका. ‘वीर्ड सिस्टर्स’पासून सुरुवात करा, आणि घरात दहा-बारा वर्षांचं कुणी असेल तर ‘द वी फ्री मेन’ त्याच्या हाती द्या.