ऊर्बानी, कार्लो
(१९ ऑक्टोबर १९५६–२९ मार्च २००३). इटालियन वैद्य व संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ. सार्स या नव्या रोगाचा धोका वेळीच ओळखून जगाला सावध करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जन्म कास्तेल्प्लानीओ (इटली) येथे. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे ते हानोई (व्हिएटनाम) येथे कृमिजन्य रोगांच्या नियंत्रणाचे काम पाहत. २८ फेब्रुवारी २००३ रोजी तेथील एका खाजगी रुग्णालयाने असाधारण फुप्फुसशोथ झालेला रुग्ण तपासण्यासाठी त्यांना पाचारण केले. पक्ष्यांपासून होणाऱ्या इन्फ्ल्यूएंझाचा संशय होता. परंतु रुग्णालयातील सेवकवर्गही आजारी पडू लागल्याने हा वेगळाच रोग असल्याचे त्यांनी जाणले. रुग्णांचे विलगीकरण, मुखपट्ट्यांचा वापर व नमुन्यांची तपासणी यांचा त्यांनी आग्रह धरला आणि शासनास कठोर उपायांस प्रवृत्त केले. १२ मार्च रोजी संघटनेने जगाला इशारा दिला. सार्सचा रुग्ण मुख्यतः लक्षणे तीव्र झाल्यावरच संसर्ग पसरवितो. त्यामुळे त्याला लवकर वेगळे केल्यास साखळी तुटते. २८ एप्रिल रोजी व्हिएटनाम हा साथ आटोक्यात आणणारा पहिला देश ठरला. जगात ८,०९८ रुग्णांपैकी ७७४ दगावले. रुग्णांच्या सान्निध्यात ऊर्बानी यांनाही संसर्ग झाला होता. वयाच्या ४६ व्या वर्षी बँकॉक येथे ते मृत्यू पावले. या विषाणूच्या एका वाणास त्यांचे नाव देण्यात आले आहे.