वेगळं ताट

सकाळी साडेसहा. पिशवीत डबा, पाणी आणि यादी. ठरल्या तारखेला औषध न्यायला न आलेल्यांची पाच नावं आहेत आज. सांगली जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या घरी जाणं हे माझं काम. मीही त्यांच्यातलीच, अकरा वर्षं गोळ्या घेतेय.

सव्वानऊ, एआरटी सेंटर, एचआयव्हीची औषधं मिळतात ते. सरकारनं 2004 साली ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा इथं माणसं उचलून आणायचे, असं जुन्या ताई सांगतात. आता रांगेतल्यांना कामावर जायची घाई असते. बाटली मिळाली की आधी लेबल खरवडायचं, मग आत कापूस कोंबायचा. एसटीत गोळ्या खुळखुळल्या की शेजारचा विचारतो.

साडेबारा. तिघं फोनवर सापडले. एकजण ऊसतोडीला कर्नाटकात गेलाय. तिथल्या सेंटरमध्ये औषध मिळेल असं बघितलं. डबा तसाच राहिला.

तीन. यादीतल्या एका घरी जायला अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत जाते. गावात मी बचत गटाची बाई.

या घरचा मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. दिरानं वहिनीला माहेरी धाडायचं ठरवलं होतं. एचआयव्ही आहे म्हणून बाईला राहत्या घरातून काढता येत नाही, असं 2017चा कायदा सांगतो. तो कागद मी घेऊन गेले होते, कुणी वाचला नाही. सासूबाई उंबऱ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "कुठं जायची न्हाई ती." सुनेनं गरोदरपणात गोळ्या घेतल्या होत्या, नातू निगेटिव्ह आहे.

सुनेचं ताट मात्र अजून वेगळं. फळीच्या टोकाला, कडेला खिळ्यानं खूण केलेलं. एका ताटात जेवून हा विषाणू पसरत नाही, हे मी कितीदा सांगितलं. मान हलते, ताट हलत नाही. मला त्याचा राग येतो, अजून येतो. आणि त्याच सासूबाई रोज रात्री नऊला गोळी स्वतःच्या हातानं देतात, उरलेल्या मोजून ठेवतात. सुनेच्या रक्तात विषाणू आता तपासणीत सापडत नाही, त्यात या मोजणीचा वाटा मोठा आहे.

"चारच राहिल्यात," त्या म्हणाल्या. सून भांगलणीला गेलेली. सेंटरला आली तर दिवसाची मजुरी बुडते. "मला देतील का औषध?"

"देतील. तिची पुस्तिका आणा. पण आक्का, तिथं गावचं कुणी भेटलं तर?"

त्यांनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "भेटलं तर भेटलं. गुडघं दाखवाय आले म्हणून सांगीन."

रात्री नऊ. माझी गोळी घेतली. उद्याच्या यादीत वर लिहिलं: पहिली एसटी, आक्कांना स्टँडवर घ्यायचं.