व्हिपल रोग : नावातून उजळणी

दुर्मिळ रोगांची उजळणी करताना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी नावाची फोड करून पाहावी. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये वर्णिलेल्या रोगाच्या जिवाणूला १९९२ मध्ये ‘ट्रोफेरायमा’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘ट्रोफे’ म्हणजे पोषण व ‘एरिमा’ म्हणजे अडसर. लहान आतड्यातील अन्नशोषणात अडथळा, जुलाब व वजनघट ही लक्षणे या नावातच सामावली आहेत. सांधेदुखी मात्र नावात नाही. ती बहुधा कित्येक वर्षे आधी सुरू होते व संधिवात समजली जाते. म्हणून ती वेगळी लक्षात ठेवावी. आतड्याच्या बायोप्सीत पीएएस रंगाने मॅक्रोफेज पेशी किरमिजी दिसतात. प्रतिजैविके साधारण वर्षभर द्यावी लागतात. उपचार न झाल्यास हा रोग प्राणघातक ठरतो.